आई कोणाशी बोलायची?

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा मी अहमदपूरच्या बसस्टँडवर उभी होते. तिलाच भेटायला लातूरला निघाले होते, गाडी बदलायला उतरले होते. फोनवर तिचे यजमान एवढंच म्हणाले, "मालाताई, आता सावकाश या..." त्याला आता दीड महिना होतो आहे. नांदेडच्या एकाच कॉलेजात आम्ही पंधरा वर्षं शिकवलं, ती मराठी आणि मी भूगोल.

पंचेचाळिशीत वंदनाला पीएचडी कशाला, असं स्टाफरूममध्ये पुष्कळ जण म्हणायचे. खरं कारण फार थोड्यांना ठाऊक होतं. वंदनाची आई तेलंगणातली. लग्न होऊन देगलूरला आली आणि चारचौघांत जन्मभर मराठीच बोलली. शेवटच्या आजारात मात्र तिचं मराठी गेलं. डिसेंबरातल्या एका दुपारी दवाखान्यात ती सारखी "चली... चली..." म्हणत होती. वंदनाला वाटलं, आई निरोप घेते आहे. ती हात धरून रडत राहिली, "जाऊ नको गं आई." दिवस मावळायच्या आत आई गेली. तेराव्याला बोधनहून मामा आले, तेव्हा तिनं त्यांना हे सांगितलं. मामा म्हणाले, "पोरी, आपल्यात चली म्हणजे थंडी. थंडी वाजून राहिली होती तिला." पांघरायचा रग पलंगाच्या पायथ्याशी घडी करून ठेवलेला होता...

आईची भाषा मला का आली नाही, हा प्रश्न घेऊन ती मार्गदर्शकांकडे गेली. ते सज्जन गृहस्थ. पण म्हणाले, "मॅडम, हे दुःख झालं. विषय घेऊन या." तिनं मग सीमाभागातल्या मराठीतले तेलुगू शब्द असा सरळसोट विषय केला आणि तो मंजूरही झाला. रविवारी ती देगलूरकडच्या गावांत जायची, कधी मीही सोबत. शब्दांची यादी वाचायची, बायका कंटाळून उत्तरं द्यायच्या. एका गावात तेलंगणातून लग्न होऊन आलेली एक म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. दहा-बारा शब्द झाल्यावर तिनं हात थांबवला.

"शब्द काय इचारून राहिलीस, बाई? शब्द लई हायेत. बोलायचं कोणासंगं, ते इचार की."

वंदनानं वही मिटली. "कोणासंगं बोलत होता, आजी?"

"म्हशीसंगं. आन लेकरं तान्ही होती तवर लेकरांसंगं. त्यांला समजाय लागलं, मंग बंद."

परतताना नायगाव आलं तशी वंदना एकदम म्हणाली, "मालाताई, माझ्या आईला मीच बंद केलं. दुसरीत होते मी. मैत्रिणी घरी आल्या होत्या. आई मला तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि त्या हसल्या. मी आईला म्हटलं, माझ्याशी असं बोलत जाऊ नको. त्यानंतर ती कधीच तेलुगूत बोलली नाही, आणि मीही सगळं विसरून गेले."

त्याच आठवड्यात तिनं विषय बदलला. परभाषेत लग्न होऊन आलेली बाई आपली भाषा कोणाशी बोलते, एवढाच प्रश्न. मार्गदर्शकांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली. त्यानंतरची दोन वर्षं ती पछाडल्यासारखी फिरली. मग पोटाचा कॅन्सर निघाला. लातूरला उपचार सुरू असताना, केमोच्या मधल्या दिवसांत, ती त्या बायकांना फोन करायची. अगदी शेवटी भेटले तेव्हा म्हणाली, "आत्ता कुठं नीट विचारता येऊन राहिलं होतं..."

तिचे कागद आता माझ्याकडे आहेत. मला तेलुगू येत नाही, हा माझा विषयही नाही, आणि हे काम पूर्ण होईल असं खोटं मी लिहिणार नाही. तिच्या प्रत्येक प्रश्नावलीच्या तळाशी तिनं पेनानं एक ओळ वाढवली आहे, 'हे तुम्हाला आधी कोणी विचारलं होतं का?' पानामागून पान उलटलं की खाली तिच्या अक्षरात एकच उत्तर दिसतं, बायका बोलल्या तसंच लिहिलेलं... न्हाई. न्हाई. न्हाई. गठ्ठ्यात सगळ्यांत खाली तिच्या आईच्या नावाचं पान आहे. कोणाशी बोलायची, या प्रश्नापुढे लिहिलंय, 'लेकीशी. लेक दुसरीत जाईपर्यंत.' त्याखालच्या शेवटच्या ओळीपुढे काही लिहिलेलं नाही. पेन बराच वेळ टेकवून धरल्याचा शाईचा एक ठिपका तेवढा आहे.