दहा प्रश्न, उत्तरांसकट

"हे तर तुमच्या आईलाही माहीत असेल."

बाहेरून आलेले तज्ज्ञ असं म्हणाले आणि टेबलाभोवतीचे चौघे हसले. मोठ्यानं नाही. सभ्य माणसं हसतात तसं, ओठ मिटून. मी फळ्यापाशी उभी होते. हातात मार्कर. फळ्यावर माझी समीकरणं.

"हो," मी म्हणाले. "तिनंच सांगितलं मला."

"मग यात तुमचं काय?"

मी फळ्याकडे बघितलं. सगळंच तर माझं होतं. 

"घरची शेती किती?"

"नाही."

"मग ही हुमणी पाहिली कुठं?"

"आई जिथं खुरपायला जाते तिथं."

"अच्छा. म्हणजे अनुभवातून आलंय हे." त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. "अनुभव चांगला आहे. गणित कच्चं वाटतं. आणि एक सांगा, ही जागा राखीव नसती तर तुम्ही अर्ज केला असता का?"

सात मिनिटांत मी बाहेर होते.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. दुसरीकडेही टेबल तेच असतं. गणित विभागात संशोधकाच्या दोन जागा निघाल्या होत्या. सजीवांच्या वाढीचं, रोगाचं, किडीचं गणिती मॉडेल बनवणं हे काम. एक जागा खुली, एक आमच्यासाठी राखीव. मी त्याच विभागात पीएच.डी. केली होती आणि नंतर तीन वर्षं तिथंच कंत्राटावर होते. विभागप्रमुख हेच माझे मार्गदर्शक. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही इथं सरच म्हणते.

माझं गाव कोल्हार. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या उसाला पाणी दिलं, आई अजूनही खुरपायला जाते. माझं संशोधन हुमणीवर. हुमणी म्हणजे उसाच्या मुळ्या खाणारी पांढरी अळी. माणसं सरीत खणतात, अळ्या मोजतात आणि पुढं किती होतील याचं गणित मांडतात. मीही तेच करत होते. पण माझं मॉडेल कायम चुकायचं. जमीन वाळली की मोजणीत अळ्या कमी व्हायच्या, मॉडेल म्हणायचं मेल्या, आणि पुढच्या पाण्याला त्या परत हजर. वर्षभर मी डोकं आपटून घेतलं. एकदा आईसोबत बांधावर बसले होते, सहज बोलले. ती म्हणाली, "मेली न्हाई ती. खाली गेलीया. पानी दिलं की वर येती बघ."

त्या दिवशी मी मॉडेलचे दोन थर केले. वरचा, जो मोजता येतो, आणि खालचा, जो कुणी मोजत नाही. त्यांच्यात ये-जा मांडली. ती सिद्ध करायला मला दोन वर्षं लागली. कमरेइतके खड्डे मी स्वतः खणले. आईनं जे एका वाक्यात सांगितलं त्याला समीकरणात बसवणं म्हणजे काय, हे त्या टेबलाभोवतीच्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

पण माझं हसं झालं ते नंतर. त्याआधीची गोष्ट सांगते. ती सांगताना मला स्वतःचाच जास्त राग येतो.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी सरांचा फोन आला. "अगं, येणारे तज्ज्ञ शुद्ध गणिताचे आहेत. अळ्याबिळ्यांचं त्यांना काही कळत नाही. दहा प्रश्न काढून दे. उत्तरांसकट."

"सर, पण मी स्वतः आहे ना मुलाखतीला."

"म्हणूनच तर तुला सांगतोय."

मी काय समजले असेन? सर आपलीच सोय करतायत. इतक्या वर्षांच्या कामाची जाण आहे माणसाला. थोडी लाजही वाटली, हे काही बरोबर नाही म्हणून. मग मी त्या लाजेवर उपाय केला. प्रश्न मुद्दाम अवघड काढले, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की हिनं स्वतःला सोपं करून घेतलं. दुपारभर बसले. आईनं दोनदा जेवायला हाक मारली. सातवा प्रश्न दोन थरांचा होता, सगळ्यात अवघड. त्याचं उत्तर मी आकृती काढून लिहिलं, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. सोमवारी सरांच्या हातात दिलं. ते म्हणाले, "वा."

मुलाखतीच्या दिवशी बाहेर बाकावर बसले होते. शेजारी खुल्या जागेचा उमेदवार. शहरातल्या सावेडी भागातला मुलगा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. सरांच्या कुठल्यातरी मित्राकडे पीएच.डी. केलेला. त्याच्या मांडीवर झेरॉक्सचे कागद होते. मी सहज नजर टाकली. अक्षर माझं होतं.

"ताई, तुमचाही हाच विषय ना? सरांनी नोट्स दिल्यात, मस्त आहेत. पण हे सातवं जरा डोक्यावरून जातंय."

त्याला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. आणि मी काय केलं? मी समजावून सांगितलं. वीस मिनिटं. दोन चौकोन काढून, बाण दाखवून, हा वरचा थर, हा खालचा. का सांगितलं? सवय. आम्हाला लहानपणापासून एकच शिकवलेलं, शिका आणि दुसऱ्याला शिकवा. आपल्याच नरड्यावर पाय पडलाय हे कळायच्या आत मी बाण काढून मोकळी झाले होते. तो म्हणाला, "थँक यू ताई, आता क्लिअर झालं."

तो आत गेला. दाराला काच होती. तो फळ्यावर माझे दोन चौकोन काढत होता आणि तज्ज्ञ मान डोलावत होते. पाऊण तास. मग माझं नाव पुकारलं. माझ्या दहांपैकी एकही प्रश्न मला विचारला गेला नाही.

संध्याकाळी चारच्या सुमारास सर माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या हातात कच्चा कागद होता. "क्लार्क रजेवर आहे. तुझं मराठी टायपिंग चांगलं आहे. निवड समितीचा अहवाल तेवढा पटकन करून दे, पाहुण्यांना निघायचंय."

मी टाइप करायला घेतलं. तारीख. समितीची नावं. उमेदवारांची यादी. स्वतःचं नाव टाइप केलं, आडनावासकट. खुल्या जागेसाठी त्या मुलाची शिफारस. ते पण टाइप केलं. मग पुढची ओळ आली. "राखीव जागेसाठी एकही उमेदवार पात्र आढळला नाही. जागा पुन्हा जाहीर करावी."

"वाईट वाटून घेऊ नकोस," सर मागून म्हणाले. "तू कंत्राटावर आहेसच. काम काय, चालूच राहणार."

यांनी मला प्रश्न काढायला लावले, उत्तरं लिहायला लावली, आणि मी नालायक आहे हेही माझ्याच बोटांकडून लिहून घेणार. आणि मी लिहितही होते! निम्मी ओळ झाली होती. मी ती पुसली. मग सगळं पानच पुसलं. उठले.

"सर, हे मी टाइप करणार नाही."

"का?"

"ज्यांना मी अपात्र वाटते त्यांनी आपल्या हातानं लिहावं."

"अगं, फॉर्मॅलिटी आहे ही."

"मग लिहायला काय हरकत आहे?"

तज्ज्ञ दारात येऊन उभे राहिले होते. "नोकरी करायची नाही का तुम्हाला?" ते म्हणाले. मी जागची हलले नाही. त्यांच्यात कुणालाच मराठी टायपिंग येत नव्हतं. शेवटी तज्ज्ञ खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी तो अहवाल हातानं लिहिला. मी समोर उभी राहून बघितला.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्या ते अळीचं सांगितलं म्हून गेली का गं तुझी नोकरी?"

त्या खोलीत मी रडले नव्हते. तेव्हा रडले. अपमान माझा झाला होता आणि अपराधी माझी आई होऊन बसली होती. तिला कितीही समजावलं तरी पटलं नाही. आजही ती माझ्यासमोर पिकाबद्दल बोलत नाही. विचारलं तर म्हणते, "मला काय कळतंय." यासाठी मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

महिन्याभरात कंत्राट संपलं, नवं झालं नाही. त्या मुलाचा एकदा फोन आला, खालच्या थराचं काहीतरी अडलं होतं. मी नाही म्हणाले. तो दुखावला. आता मी सावेडीतल्या एका क्लासमध्ये बारावीचं गणित शिकवते. माहिती अधिकारात अहवालाची प्रत मागवली. विषयाचं ज्ञान या रकान्यात मला सगळ्यांत कमी गुण आहेत. वर तक्रार केली. तक्रार चौकशीसाठी सरांकडेच आली.

गेल्या आठवड्यात ती जागा पुन्हा जाहीर झाली. मी अर्ज भरला. दोन दिवसांनी सरांचा फोन.

"परत अर्ज केलास?"

"हो सर."

"काय उपयोग आहे, सांग बरं. तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"तुम्हा लोकांना परत 'अपात्र' लिहावं लागेल, सर. तारीख घालून. सही करून."

त्यांनी फोन ठेवला.

मला आशा नाही. आशा असती तर कदाचित गप्प बसले असते, सांभाळून घेतलं असतं. माझं वय अजून चार वर्षं अर्जाच्या अटीत बसतं. चारही वर्षं मी त्या बाकावर जाऊन बसणार आहे. त्या फळ्यावर तेच काम मांडणार आहे, आणि हे आईनं सांगितलं, हे पहिल्या वाक्यात सांगणार आहे. घेणार नाहीतच. लिहू देत.