दोन्ही सिग्नल जनरेटर चांगले होते

स्पीकर तपासायला हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा आवाज काढणारा स्वस्तातला सिग्नल जनरेटर कोणता घ्यावा, असं मीच इथं ग्रुपवर विचारलं होतं. तुम्ही सांगितलेला घेतला. स्पीकरला जोडून फ्रिक्वेन्सी वाढवत नेली, तर आठ हजार हर्ट्झच्या पुढं आवाजच बंद. भिकार माल म्हणून परत पाठवला आणि वर एक स्टार दिला.

आज दुप्पट किमतीचा आला. तोही बरोबर तिथंच गप्प! दुकानदाराला झाडायला फोन उचलला, तोवर बायको आतनं ओरडली, "अवो, ती शिट्टी बंद करा की! डोस्कं उठलं माझं."

"कसली शिट्टी? मशीन बंद पडलंय."

ती बाहेर आली. "वाजतंय की हे. तुम्हाला ऐकू येत न्हाय?" एवढ्या हळू आवाजात ती कधी बोलत नाही.

मंडळाच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीचं सेटिंग वर्षानुवर्षं मीच करतोय. पोरं म्हणायची, "दादा, कानात घुसतंय, जरा कमी करा." मी उलट वाढवायचो. तुम्हाला साउंड कळत न्हाय म्हणायचो.

तो एक स्टार मघाशी काढून टाकला. स्वस्तातलाच घ्या, चांगला आहे.

माझी पोरगी लहानपणापासनं त्याच भिंतीपुढं नाचत आलीय. आता क्लासवरनं येईल. तिला या स्पीकरपुढं बसवायचं धाडस होईना. तुम्ही बसवलं असतं का?