पिंपळाकडे राहिलेला दगड

सिद्धार्थ गेला.

आज सकाळी वंदनावहिनींनी, त्याच्या बायकोने, नागपूरच्या हॉस्पिटलमधून फोन करून सांगितलं. रडत नव्हत्या. "भाऊजी, गेले ते," एवढंच म्हणाल्या.

मग जरा थांबून, "आन् पिंपळाले अजून पान नाई."

दोन्ही बातम्या एका दमात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिद्धार्थ माझा कॉलेजपासूनचा मित्र. नागभीडकडच्या एका लहानशा स्टेशनाच्या दुरुस्तीवर साइट इंजिनिअर होता. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, काळातली दगडी इमारत. होती तशीच पुन्हा उभी करायची, असं काम.

त्या इमारतीच्या कोपऱ्यात, छपराच्या जरा खाली, भिंतीतून पिंपळ उगवला होता. माणसाच्या उंचीचा. मुळं दगडांच्या सांध्यांत पार आत शिरलेली.

ठेवला तर भिंत फुटणार.

काढायचा तर कापणार कोण?

मजूर जवळच्याच गावातले, धानाची कामं संपली की येणारे. त्यांच्या मुकादमाने हात जोडले. "साहेब, पिंपळाले आमी कुऱ्हाड लावत नाई. मुंजा रायते त्यात."

सिद्धार्थ म्हणाला, "मीच लावली असती. पण मायी माय म्हणते, बोधिवृक्ष आहे तो. हात लावशीन तर घरी येऊ नोको."

मुकादम हसला. "तुमचा बोधी, आमचा मुंजा. झाडाचं चांगलं चालू हाये म्हना!"

कोणीतरी सुचवलं, मुळात अ‍ॅसिड टाका, आपोआप वाळेल.

"आणि मायले काय सांगू?" सिद्धार्थ म्हणाला. "आजारी होता म्हणून?"

मग त्याने लांबचा रस्ता धरला. कोपरा उलगडायचा. एकेक दगड काढून त्यावर रंगाने नंबर टाकायचा, मुळं मोकळी करायची, झाड जिवंत खाली उतरवायचं आणि दगड पुन्हा जागच्या जागी बसवायचे.

झाड उतरलं. फांद्या छाटलेलं, बोडकं, पण अख्खं.

एक दगड मात्र मुळाने सोडला नाही. ओढला असता तर मूळ तुटलं असतं. "राहू दे त्याच्याकडे," सिद्धार्थ म्हणाला. दगडासकट झाड आवारात नळाजवळ लावलं.

आईला मुद्दाम ऑटोने आणून दाखवलं. तिने तांब्याभर पाणी घातलं.

"जगंल ना रे?"

"जगंल, माय."

बाकीचे दगड आवारातल्या वाटेच्या कडेला ओळीने मांडले होते. नंबर वर करून.

तेवढ्यात निरोप आला की मोठे साहेब पाहणीला येणार.

साहेब येणार म्हटलं की आपल्याकडच्या स्टेशनात काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. बुंध्यांना चुना-गेरू. वाटेकडेच्या दगडांना चुना-गेरू.

एक पांढरा, एक लाल.

एक पांढरा, एक लाल.

सगळे नंबर गेले.

हे केलं गुलाबभाऊंनी. स्टेशनातले जुने हमाल. त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. सिद्धार्थ दुसऱ्या दिवशी साइटवर पोचला, तेव्हा ते ब्रश धूत बसले होते.

"पाहा साहेब, कसं चकचक करून ठेवलो!"

सिद्धार्थने मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'माझी भिंत लग्नाला निघाली.'

गुलाबभाऊंना तो एवढंच म्हणाला, "मस्त झालं, भाऊ."

गेरूखाली नंबर होते. पण हलक्या हाताने खरवडलं तरच दिसायचे. मजुरांच्या हाताने गेरूबरोबर नंबरही निघून जायचा. म्हणून तारेचा ब्रश घेऊन तो स्वतःच बसला.

मे महिना. आपल्याकडचं ऊन.

आणि शेजारी पिंपळ, ज्याला एकही पान नाही.

मी फोनवर म्हणालो, "संध्याकाळी कर ना बे."

"संध्याकाळी नंबर दिसत नाई. आन् पावसाचं पाणी लागायच्या आत कोपरा बंद नाई झाला तर अख्खी भिंत बसते. काऊन डोकं खाऊन राह्यला?"

आमचं ते शेवटचं बोलणं.

परवा दुपारी तो दगडांपाशीच पडला. ऊन लागलं होतं. आधी तालुक्याला नेलं, मग नागपूरला.

मी पोचलो तेव्हा हॉस्पिटलबाहेर गुलाबभाऊ भिंतीला टेकून बसले होते. पानाची बातमी त्यांनीच आणली होती. हातांच्या रेघांत अजून गेरू होता.

"मी चांगल्यासाठीच केलो जी."

"हो, भाऊ."



इतकी वर्षं बातम्या लिहितोय. चूक कोणाची, हे दुसऱ्या परिच्छेदात यायला हवं, असं आम्हाला शिकवलेलं. इथे तो परिच्छेद लिहिताच येत नाही.

तिथूनच मी गावाकडे त्याच्या आईला फोन करून सांगितलं, स्पीकरवर. मग तिने विचारलं, "झाडाले पाणी कोण टाकून राह्यलं?"

गुलाबभाऊ उठले आणि बस स्टँडकडे निघाले.

उद्या सकाळी त्याच्या गावी अंत्यसंस्कार आहेत. ज्यांना जमेल त्यांनी या.

सोमवारी नवे इंजिनिअर रुजू होतील. माझं बोलणं झालं त्यांच्याशी. सभ्य माणूस. म्हणाले, पावसाआधी कोपरा बंद करावाच लागेल, दगड बसतील तसे बसवू. जो एक कमी आहे, तिथे सिमेंटचा ठोकळा. आणि झाड? "पाऊस लागेपर्यंत थांबू. तरीही फुटलं नाही, तर काढावं लागेल."

यात त्यांचं काय चुकलं, तेही मला सांगता येत नाही.

सिद्धार्थ, पान फुटलं तर सगळ्यांत आधी तुझ्या मायला सांगू.

नाही फुटलं तर मायला काय सांगायचं, ते तू सांगून गेला नाहीस.

जयभीम, मित्रा.