आईचा अंगठा

माझ्या भावाला कपटी म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही, म्हणून मी स्वतःलाच मूर्ख म्हणते. ते सोपं पडतं.

इथे गुजरातेत, डिंडोलीतलं घर वडिलांच्या नावावर होतं. ते उधन्याच्या मिलमध्ये जन्मभर राबले, दोन खोल्या बांधल्या आणि गेले. मागे राहिलो आम्ही तिघं, आई, मी आणि धाकटा भाऊ. घरावर तिघांचीही नावं लागली. वर्षश्राद्ध झालं तसा भाऊ म्हणाला, घर पाडून नवं बांधतो, बँक कर्ज देते, पण घर एकाच्याच नावावर पाहिजे. तू आणि आई हक्क सोडल्याचं लिहून द्या.

मी लगेच हो म्हटलं. आमच्या खानदेशी लोकांत बहिणीने वाटा मागितला की माहेर तुटलंच समजायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी जातात, तेव्हा मी काय सासरी तोंड लपवून बसायचं? मला ते नको होतं.

आई मात्र अडून बसली. "मी मरेपर्यंत माझं नाव राहू द्या, मग काय करायचं ते करा," एवढंच तिचं म्हणणं. भावाने तिच्याशी बोलणं टाकलं. शेवटी मीच तिच्यावर तोंड सोडलं. "अगं, पोटचा पोरगा आहे तो, परका आहे का? नाव काय वर घेऊन जायचंय तुला?" तिने हट्ट सोडला. जळो मेली माझी जीभ.

आखाजीच्या आदल्या आठवड्यात आम्ही सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गेलो. कागद गुजरातीत होता. आईला अक्षरओळख नाही, मी गुजराती शाळेत शिकलेली. भाऊ म्हणाला, "ताई, तूच सांग तिला वाचून." पुढचा नंबर आमचाच होता. मी पहिलं पान वाचलं, बाकीची नुसती उलटली आणि आईला म्हणाले, "घर याच्या नावावर होतंय, तू राहणार तिथेच." तिथेच राहण्याबद्दल त्या कागदात एक अक्षरही नव्हतं. साहेबांनी गुजरातीत विचारलं, "समज्या, माजी?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मग तिनेही हलवली आणि अंगठा दिला.

त्या आखाजीला मी माहेरी मिरवून आले, पुरणपोळी खाल्ली, साडी घेतली. दिवाळीच्या आत भावाने घर विकलं. कर्ज नाही, बांधकाम नाही, काही नाही. आईला "थोडे दिवस" म्हणून माझ्या भाड्याच्या खोलीत आणून सोडलं आणि स्वतः इच्छापोरला फ्लॅटमध्ये राहायला गेला. फोन केला की म्हणतो, जागा लहान आहे, ताई. आई जावयाच्या घरी खाली मान घालून जेवते. माझा नवरा तिला एका शब्दाने बोलत नाही, पण ती अर्धीच भाकरी घेते आणि पोट भरलं म्हणते.

मी तिला घेऊन वकिलाकडे गेले. त्यांनी कागद चाळला. "दस्त नोंदलेला आहे. आईंना न समजावता अंगठा घेतला, हे दाखवता आलं तरच काही होईल. वाचून कोणी सांगितलं?"

"मी."

"तुम्हाला गुजराती वाचता येतं?" चष्मा काढून ते हळूच म्हणाले, "येत नसेल, तर केस उभी राहू शकते. नीट आठवून सांगा."

खोटं बोलायला मी एका पायावर तयार होते. आईला तिचं घर मिळणार असेल तर देवासमोरही बोलले असते. 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाजूला बसलेली आई पुढे सरकली.

"तिले समदं वाचता येस, साहेब," ती म्हणाली. "तिनी सांगं म्हनीसन तं मी आंगठा दिधा."

लेक शिकलेली आहे, हे ती वकिलाला मोठ्या अभिमानाने सांगत होती.