लाल लुगडं आणि नदीचं पाणी

ती घटना आठवली की आजही मला आधी एक लाल लुगडं दिसतं आणि मागोमाग माझी स्वतःची सही.

सातारा जिल्ह्यातल्या एका लहान पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. फार सुखाचे दिवस होते ते. सकाळची हजेरी झाली की अंगणातल्या कडुलिंबाखाली सगळ्यांचा एकत्र चहा व्हायचा. हद्दीत एक धरण होतं आणि त्याच्या पायथ्याशी खासगी कंपनीचं वीजघर. मी कुंडलचा, उसाच्या रानात वाढलेला. वीज नको तेव्हा जाते, एवढंच माझं विजेचं ज्ञान.

एके दिवशी कंपनीचे व्यवस्थापक तक्रारअर्ज घेऊन आले. त्यांनी मला समजावलं की हल्ली वीजसुद्धा बाजारात विकतात. उद्याच्या विजेचा सौदा आजच होतो. ज्या तासाला भाव चांगला, त्या तासाला यंत्र सुरू, आणि यंत्रातून सुटलेलं पाणी त्याच वेळी नदीला. ही वेळ रोज बदलते आणि कंपनीबाहेर कुणाला सांगत नाहीत.

"पण साहेब, पाणी सुटायच्या तासभर आधीच गावाचा घाट रिकामा होतो. आमच्यातलाच कुणीतरी वेळ फोडतोय. तो सापडला की त्याच दिवशी घरी बसवतो."

खबर दोन दिवसांनी मिळाली. फाट्यावरचा चहावाला हवालदाराला म्हणाला, "वीजघरातला त्यो माणचा गडी हाय न्हवं, त्यो रोज सांजच्याला हितं येऊन घरला फोन लावतोय. वीजघरात रेंज न्हाई. एकच वाक्य बोलतोय आन् ठेवतोय."

हा गडी म्हणजे यंत्र चालवणारा कंत्राटी ऑपरेटर. तिशीचा, बायकोसह गावात भाड्यानं राहणारा. त्याला ठाण्यात बोलावलं.

"फोनवर काय बोलतोस?"

"कारभारनीला सांगतो, उद्या सात वाजता लुगडं वाळत घाल."

हवालदार फिस्सकन हसला. माझं डोकं फिरलं. "पोलिसांची मस्करी करतोस काय रं?" म्हणून मी टेबलावर हात आपटला. तासभर उलटसुलट विचारलं, पण गडी त्याच उत्तरावर अडून बसला.

जबाब लिहून घेणाऱ्या आमच्या महिला शिपाई मधेच थांबल्या. म्हणाल्या, "साहेब, याच्या बायकोला मी ओळखते. ती गाऊनवर असते, नाहीतर पाचवारीत. यांच्या घरात लुगडं नेसतं कोण?"

गड्यानं मान खाली घातली. "आई नेसत व्हती."

मग तो बोलायला लागला. आई दुष्काळी माण तालुक्यातून चार दिवस लेकाकडं आली होती. वाहती नदी बघून पोरीसारखी हरखली आणि सकाळीच धुणं घेऊन घाटावर गेली. "आमच्या माणात आभाळ भरून आल्याबिगर वढ्याला पाणी येत न्हाई, सायेब. त्या दिशी लख्ख ऊन पडल्यालं. ती आपली निवांत बसली. घाट वळणापल्याड, तितवर वीजघराचा भोंगा ऐकूच येत न्हाई. आन् यंत्र मीच चालू केलं व्हतं."

मला खुर्चीत बसवेना. मी उठून जुनं रजिस्टर काढलं. अकस्मात मृत्यू; वृद्ध महिला; पाय घसरून नदीत पडल्याने. खाली माझी सही. पंचनाम्याला मी स्वतः गेलो होतो, पण भर उन्हात नदी कशी वाढली, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं आणि तिच्या लेकाचा चेहराही ध्यानात राहिला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गेलो. सात वाजता गड्याच्या बायकोनं करंजाच्या फांदीवर लाल लुगडं टाकलं. कोरडंच होतं. बायकांनी एकमेकींना हाका घातल्या, बादल्या उचलल्या आणि निघाल्या. आठला पाणी आलं आणि धुण्याचा दगड दिसेनासा झाला. भोंगा मला तरी ऐकू आला नाही.

व्यवस्थापकांना बोलावलं.

"सापडला का साहेब?"

"आधी मला सांगा, सौदा झाल्यावर गुपित कसलं? उद्याची वेळ ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा आणि वळणावर दुसरा भोंगा बसवा. नाहीतर मी एक जुनं मरण पुन्हा चौकशीला काढतो. त्यात माझीही चूक निघेल, ती मी सोसेन."

महिन्याच्या आत भोंगा बसला. वेळ फोडणाऱ्याचं नाव निष्पन्न होत नाही, असा शेरा मारून मी अर्ज दप्तरी दाखल केला. गड्याची नोकरी राहिली. सेवेत जाणूनबुजून खोटं लिहिलं ते एवढंच. 'पाय घसरून' हे मी खरं समजून लिहिलं होतं.

निवृत्तीनंतर एकदा त्या वाटेनं जाताना मुद्दाम घाटावर थांबलो. वळणावर भोंगा होता आणि करंजावर लुगडंही, विटून गुलाबी झालेलं. गड्याच्या बायकोनं मला ओळखलं.

मी म्हटलं, "अजून घालतेस होय? आता भोंगा आहे की."

"आवं सायेब, लाईट गेली की त्यो गप बसतोय," ती हसत म्हणाली. "आत्याबाईंचं लुगडं हाय ह्ये. ह्ये न्हाई गप बसत."

मीही हसलो, पण गाडीत बसल्यावर डोळे भरून आले. त्या प्रकरणानंतर उरलेल्या नोकरीत कुठल्याही मरणाचं कारण लिहिताना मी आधी एक प्रश्न जास्तीचा विचारायला लागलो, तो त्या गड्यामुळं. तरी त्या नोंदीतला 'अकस्मात' हा शब्द मला अजून टोचतो. त्या पाण्याची वेळ आदल्या दिवशीच कागदावर आलेली होती.