नितळ पाणी

जालन्याच्या एका दवाखान्यात मी लॅबमध्ये काम करते. वडीगोद्रीकडच्या एका एचआयव्हीच्या पेशंटला मेंदूज्वर झाल्याची शंका होती. त्याच्या पाठीच्या मणक्यातून काढलेलं पाणी तपासायला घेऊन त्याची आईच आली. बाटली उजेडाकडं धरून म्हणाली, "ताई, बोरच्या पाण्यावानी नितळ हाय. मंग काळजी न्हाई ना?"

मला नितळ पाण्याचाच भारी राग. मेंदूच्या आवरणात जंतू शिरले की शरीरातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, लढतात, आणि त्या गर्दीनं पाणी गढूळ होतं. एचआयव्हीनं आधीच पेशी संपवल्या असतील तर कोण येणार? मायक्रोस्कोपखाली मेंदूज्वर करणारी बुरशीच बुरशी दिसली. पेशी जवळपास नव्हत्याच.

रिपोर्ट घेऊन मी वॉर्डात गेले. आमच्याकडं माणूस दवाखान्यात पडला की अर्धं गाव टेम्पो करून भेटायला येतं. हाकलून हाकलून नर्स थकतात. त्याच्या खाटेपाशी मात्र आई एकटीच बसलेली.

"गावात कुणाला कळवलं न्हाई का?" मी विचारलं.

"समद्यांला कळलंय ना ताई," ती म्हणाली. "म्हनून तर."