खुर्चीचा उजवा हात

वस्तू कशासाठी हवी, हे विकणाऱ्याला सांगितल्याशिवाय आयुष्यात टाचणीही विकत न घेतलेला माणूस अख्ख्या पुण्यात एकच, आणि तो आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. कॉलेजात तीस वर्षं मालविक्रीचा कायदा शिकवून ते निवृत्त झाले. कॉलेज सुटलं, कायदा सुटला नाही. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. केरसुणी घेताना सर दुकानदाराला बजावायचे, "ही मला केर काढायला हवी आहे." छत्री घेताना म्हणाले, "ही मी पावसात डोक्यावर धरणार आहे." दुकानदाराने मान वर न करता उत्तर दिलं, "बरं झालं सांगितलंत. आम्हाला वाटलं, भिंतीवर टांगणार." सरांना टोमणा लागलाच नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना? हेतू त्यांना कळला. आता गळली तर जबाबदारी त्यांची." अशा निदान चाळीस खरेद्यांचा मी साक्षीदार आहे. साक्ष द्यायची वेळ एकदाही आली नाही, हेही नमूद करतो.

मार्केट यार्डात आंबेवाल्याने वरचा एक आंबा कापून दाखवला, की सर पेटीतला तळाचा थर काढायला लावायचे. "नमुना दाखवलात ना? मग सगळा माल नमुन्यासारखा हवा."

"आजोबा, चार डझन आहेत. चारही डझन कापू का?"

"मग विकाल काय?" सर अगदी गंभीरपणे विचारायचे.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या, आणि मुलीने सरांना हडपसरला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. घर भाड्याने दिलं, सामान वाटलं. गॅलरीतली आरामखुर्ची मात्र त्यांनी मला रीतसर विकली, कारण भेटवस्तूंचा कायदा त्यांनी कधी शिकवला नव्हता. खुर्चीचा उजवा हात डुगडुगत होता. "हा मी बसवून देणार," सर म्हणाले. "विकणाऱ्याचं काम बाकी आहे तोवर मालकी तुमच्याकडे येत नाही. मधल्या काळात मोडली, तर नुकसान माझं."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सर बसने यायचे, खिशात स्क्रूड्रायव्हर. आमच्या गॅलरीत त्या खुर्चीत बसायचे, चहा घ्यायचे, खाली आपल्या जुन्या अंगणात कुणाचे कपडे वाळताहेत ते बघायचे. निघताना खुर्चीचा हात हलवून बघायचे आणि म्हणायचे, "स्क्रू लहान पडतोय. पुढच्या वेळी." असं एकोणीस वेळा झालं. एकदा त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, तर आत स्क्रू होता. भोक मी आधीच मोजलेलं होतं. स्क्रू बरोबर त्याच मापाचा होता. सरांनी घर मिटलं. मी चहाच्या कपाकडे बघत राहिलो.

गेले पाच महिने गुडघ्यांमुळे त्यांचं येणं बंद आहे. मागच्या आठवड्यात बायकोने सुताराला बोलावलं. "अहो, दहा मिनिटांचं काम आहे." मी सुताराला चहा देऊन परत पाठवलं. दुसऱ्याच्या वस्तूला परस्पर हात लावणं मला पटत नाही.

त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. "हात कसा आहे?"

"डुगडुगतोय, सर."

"म्हणजे मालकी?"

"तुमचीच."

मग म्हणाले, "बघू. पहिल्या रविवारी जमलं तर येतो."

पहिल्या रविवारी सकाळी मी खुर्ची पुसून गॅलरीत ठेवतो, तोंड खालच्या अंगणाकडे करून.